पुरातही कोरडे पडणारे नळ: कोल्हापुरातील घर आणि सोसायटीसाठी पाण्याचा हिशेब, बचत आणि पुनर्भरण

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. त्या दोन्ही वेळी शहराला पाण्याने वेढलेले असताना घरातल्या नळाला, ज्याला आपण इथे चावीच म्हणतो, कित्येक दिवस थेंबही आला नाही. नदीकाठची उपसा केंद्रे पाण्यात गेली, पंप बंद पडले आणि लोक छत्री धरून टँकरसमोर घागरी घेऊन उभे राहिले. कोल्हापूरच्या पाण्याचे दुखणे या एका दृश्यात आहे. पाणी कमी नाही. ते आपल्यापर्यंत पोहोचवणारी साखळी लांब आहे आणि ती विजेवर व पंपांवर चालते. म्हणून दुष्काळी भागासाठी लिहिलेले जलसंधारणाचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पुढील मार्गदर्शन कोल्हापूर शहर आणि त्याला चिकटलेल्या उपनगरांतील घरमालक व लहान सोसायट्या डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

आधी समजून घ्यायचे: पाणी येते कोठून आणि अडते कोठे

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन पंचगंगा प्रयाग चिखलीपासून पुढे वाहते. लोकपरंपरेत पाचवी नदी गुप्त सरस्वती. भोगावतीवरचे राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. त्याची साठवण ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात आपोआप उघडू लागले की नदीकाठच्या गावांत सामानाची हलवाहलव सुरू होते. उन्हाळ्यात याच धरणाचे पाणी नदीत सोडतात, बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालून ते अडवतात आणि तेथून उपसून शहराला देतात. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी ही उपशाची ठिकाणे याच व्यवस्थेतील आहेत. दुसरा स्रोत दुधगंगेवरील काळम्मावाडी धरणाचा. त्याची साठवण २५.४० टीएमसी आहे आणि तेथून सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाइपलाइनने पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी येते. ते पहिल्यांदा नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत पोहोचले. नदीच्या प्रदूषित पट्ट्यातून उपसा करण्यापेक्षा ही सोय निःसंशय चांगली आहे. मात्र धरणाकाठच्या जॅकवेलवरचे, म्हणजे उपशाच्या विहिरीवरचे, पंपही विजेवरच चालतात आणि ५३ किलोमीटर लांबीच्या नळाला कोठेही काही झाले की परिणाम थेट घरातल्या बादलीवर होतो.

याच्या उलट जुनी रीत होती. कात्यायनीच्या बाजूचे पाणी नुसत्या उताराने शहरात आणले जाई आणि कळंबा तलाव तर शहराच्या पाण्यासाठीच बांधला गेला. शहराच्या पोटातही तळी होती. आजचे गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ आणि कपिलतीर्थाच्या जागी आज भाजी मंडई आहे. तळे बुजवले तरी उतार बदलत नाही, त्यामुळे गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचते आणि दरवर्षी त्याची बातमी होते. त्या बातमीचे आश्चर्य वाटण्याचे खरे तर कारण नाही. पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर आलेले असते, इतकेच.

महापालिका १९७२ साली झाली, त्यानंतर कित्येक दशके हद्द जागची हलली नाही; वस्ती मात्र पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, कंदलगाव अशी चहूबाजूंनी पसरत गेली. २०११ च्या जनगणनेतील शहराची ५,४९,२३६ ही लोकसंख्या या उपनगरांना धरतच नाही. वाढीचे पाण्यावर झालेले परिणाम तीन प्रकारचे आहेत. वस्ती उंचावर चढली, त्यामुळे त्याच नळातले पाणी आर. के. नगरसारख्या चढावरच्या भागात पोहोचेपर्यंत दाब संपतो. मुरमाचे माळ काँक्रीटखाली गेले, त्यामुळे पूर्वी जिरणारे पाणी आता गटारातून जयंती नाल्यात आणि तेथून पंचगंगेत तासाभरात पोहोचते. आणि नळाचा भरवसा नाही म्हणून प्रत्येक इमारतीने बोअर मारली, जी एकमेकींच्याच खडकातील तेच पाणी ओढतात. यातील पहिला प्रश्न महापालिकेने आणि ग्रामपंचायतींनी सोडवायचा आहे. उरलेल्या दोहोंत आपल्या आवारापुरते बरेच करता येते.

पहिली पायरी: सात दिवसांची मोजणी

बहुतेक सोसायट्या थेट पाऊसपाण्याच्या पाइपपासून सुरुवात करतात आणि तेथेच चुकतात. खर्च करण्यापूर्वी सात दिवस वही घालावी. नळजोडणीला मीटर असेल तर रोज सकाळी ठरलेल्या वेळी वाचन लिहावे. मीटर बंद असेल, आणि तसे तो अनेकदा असतोच, तर खालच्या हौदात व वरच्या टाकीत काठी बुडवून पातळी मोजावी. टाकीची लांबी आणि रुंदी मीटरमध्ये घेऊन गुणावी. त्या गुणाकाराला दहाने गुणले की एक सेंटीमीटर पातळी म्हणजे किती लिटर ते कळते. तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे ६० लिटर. हा एकच आकडा टाकीच्या झाकणावर ऑइलपेंटने लिहून ठेवावा.

बोअरचे पाणी वेगळे लिहावे. पंप किती मिनिटे चालला ते नोंदवावे आणि एकदा २०० लिटरचा पिंप भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. त्यावरून मिनिटाचा उपसा निघतो. टँकर आला तर त्याचीही नोंद हवी.

शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन साधारणपणे माणशी रोज १३५ लिटर धरून केले जाते. आमच्या बारा सदनिकांच्या इमारतीत पंचेचाळीस माणसे राहतात, म्हणजे या हिशेबाने ६,०७५ लिटर पुरायला हवे होते. आठवड्याची सरासरी निघाली ७,९०० लिटर. बैठकीत प्रत्येकाने शेजाऱ्याच्या गाडी धुण्याकडे बोट दाखवले. गाड्यांचा दोष किती किरकोळ होता ते पुढच्या पायरीत कळले.

दुसरी पायरी: रात्रीची गळती

रात्री अकरा वाजता वरची टाकी भरून घ्यावी, पंप बंद करून त्याच्या स्विचला चिठ्ठी लावावी आणि पातळी लिहावी. पहाटे पाचला, पहिला बंब पेटण्याआधी, पुन्हा मोजावी. रात्री दोन-चार वेळा फ्लश होणारच, तेवढे वजा करावे. आमच्याकडे सहा तासांत पातळी तब्बल चार सेंटीमीटर उतरली होती. चार सेंटीमीटर म्हणजे २४० लिटर, आणि चोवीस तासांचे ९६० लिटर. एकूण वापराचा हा आठवा भाग कोणाच्याही उपयोगी न पडता ड्रेनेजमध्ये जात होता.

चोर बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीत सापडतो. त्या टाकीच्या पाण्यात चिमूटभर रंग टाकावा. रंगपंचमीचा उरलेला चालतो, फक्त तो भांड्यावर डाग पाडणारा नसावा. फ्लश न करता वीस मिनिटांनी भांड्यात रंग उतरला असेल तर आतले रबरी वॉशर गेले आहे. आमच्या इमारतीत अशा तीन टाक्या निघाल्या आणि तिन्ही घरांना पत्ताच नव्हता, कारण या गळतीचा आवाज होत नाही. वॉशर बदलायला प्लंबरला घरटी पंधरा मिनिटे लागली.

ठिबकणारी चावी मात्र दिसते आणि ऐकूही येते, तरी तिच्याकडे दुर्लक्ष होते. तिच्याखाली पाव लिटरचा पेला ठेवून तो किती वेळात भरतो ते पाहावे. दहा मिनिटांत भरला तर दिवसाला ३६ लिटर झाले; हा आकडा घरात मोठ्याने सांगितला की दुरुस्ती त्याच दिवशी होते.

खालच्या हौदाची तपासणी वेगळी करावी लागते. हौदाला बाहेरून पाणी येण्याचा व्हॉल्व्ह बंद करून, पंपही बंद ठेवून, पातळी रात्रभर पाहावी. पाणी उतरत असेल तर हौदाला तडा आहे, आणि ज्या तड्यातून पाणी बाहेर जाते त्याच तड्यातून पावसाळ्यात गटाराचे पाणी आत येते. ही दुरुस्ती पैशाअभावी पुढे ढकलण्यासारखी नाही. हौद आणि ड्रेनेजचा चेंबर शेजारी-शेजारी असतील तर ती आणखी तातडीची समजावी.

टाकी भरून वाहणे हा चौथा प्रकार. वरच्या टाकीत बॉल कॉक असला तरी बोअरच्या पंपाच्या दाबापुढे तो टिकत नाही, म्हणून पातळी पाहून पंप बंद करणारे स्वयंचलित यंत्र बसवावे. ओव्हरफ्लोचा पाइप गच्चीच्या कोपऱ्यात गुपचूप सोडलेला असेल तर तो सर्वांना दिसेल असा, जिन्याजवळ आणावा. उघड्यावर वाहणारे पाणी लोक सहन करत नाहीत.

येथे एक ताकीद आवश्यक आहे. दाब कमी म्हणून महापालिकेच्या नळाला थेट मोटर लावणे बेकायदा तर आहेच, शिवाय ते आपल्याच जिवावर बेतणारे आहे. मोटर नळात पोकळी निर्माण करते आणि रस्त्याखालच्या जुन्या सांध्यांतून आजूबाजूचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. नळाचे पाणी आधी जमिनीखालच्या हौदात आपल्या दाबाने पडू द्यावे आणि मोटर हौदाला लावावी.

तिसरी पायरी: घरातील वापर

याविषयी सर्वत्र इतके लिहिले जाते की येथे थोडक्यात उरकतो. जुनी फ्लश टाकी एका वेळी नऊ-दहा लिटर सोडते. दोन बटणांची टाकी तीन किंवा सहा लिटरमध्ये तेच काम करते. चौघांच्या घरात हा फरक रोज शंभर लिटरच्या आसपास जातो. टाकी बदलायची नसेल तर एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली तिच्यात उभी करावी, वीट मात्र टाकू नये, कारण ती झिजून रेती होते व वॉशर खाते.

आरओ यंत्राविषयी माझे मत थोडे स्पष्ट आहे. सह्याद्रीतील धरणांचे पाणी मुळात गोडे आणि कमी क्षारांचे असते. शुद्ध करून आलेल्या अशा पाण्याला आरओ लावून एका लिटरमागे सुमारे तीन लिटर टाकून देणे याला अर्थ नाही. तेथे साधा फिल्टर आणि अतिनील दिव्याचे यंत्र पुरते. बोअरचे जड पाणी प्यावे लागत असेल तर आरओची गरज पटण्यासारखी आहे. त्या वेळी टाकाऊ पाण्याची नळी मोरीत न सोडता बादलीत सोडावी आणि ते फरशीला वापरावे.

चौथी पायरी: गच्चीचा पाऊस मोजणे

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे सूत्र ध्यानात धरले की बाकी सारा गुणाकार आहे. एक हजार चौरस फुटांची गच्ची सुमारे ९३ चौरस मीटर असते. त्यातील वीस टक्के उडून, जिरून व गाळणीत वाया जाईल असे धरावे. दिवसभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, जो कोल्हापुरात आषाढात काही विशेष नव्हे, तर त्या गच्चीवरून ३,७२० लिटर मिळतात.

आता हाच हिशेब वर्षाचा करून पाहू. जिल्ह्यात पावसाचा फरक फार मोठा आहे. गगनबावड्याला जे पडते त्याचा लहानसा अंशच शहरात पडतो. शहरापुरता वार्षिक पाऊस एक हजार मिलिमीटरच्या आसपास धरला, तर आमच्या २,५०० चौरस फुटांच्या, म्हणजे २३२ चौरस मीटरच्या गच्चीवरून सुमारे १,८५,६०० लिटर मिळतात. आकडा भव्य दिसतो, पण रोजच्या ६,०७५ लिटरने भागला की तो जेमतेम महिनाभराचा निघतो. गच्चीच्या पाण्यावर इमारत वर्षभर स्वयंपूर्ण होईल, असे सांगणाऱ्या विक्रेत्याला हा भागाकार करून दाखवावा.

मग हे पाणी कशासाठी घ्यायचे? कोल्हापुरात याची दोन चोख उत्तरे आहेत. ज्या आठवड्यात उपसा केंद्रे बुडतात, त्याच आठवड्यात गच्चीवर धो धो पाऊस पडत असतो. त्या वेळी हेच एकमेव पाणी असते ज्याला पंप, नदी किंवा टँकर लागत नाही. आणि जे साठवता येत नाही ते बोअरमध्ये उतरवले तर एप्रिल-मेमध्ये टँकरचे चार फेरे वाचू शकतात. म्हणजे एक लहान टाकी आणि एक पुनर्भरणाचा खड्डा, दोन्ही हवेत. केवळ मोठी टाकी बांधणे मला पटत नाही, कारण ती जूनमध्ये दोन दिवसांत भरते आणि नंतरचा सगळा पाऊस तिच्यावरून वाहून जातो.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पाऊसपाण्याची व्यवस्था बंधनकारक केली आहे. म्हणून नव्या इमारतीत घर घेणाऱ्याने ती व्यवस्था नुसती नकाशात पाहून समाधान मानू नये. आमच्या बांधकाम व्यावसायिकाने गच्चीचे सहाही पाइप व्यवस्थित खाली आणले होते आणि त्यांपैकी एकावर निळ्या अक्षरांत ‘पाऊसपाणी’ असे लिहिलेही होते; खणून पाहिल्यावर तो पाइप इतर पाचांसह गटाराच्या चेंबरला जोडलेला निघाला.

पाचवी पायरी: गच्ची ते टाकी

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गच्ची झाडून घ्यावी. कबुतरांची विष्ठा, वाळवणाचे उरलेले कण, केबलवाल्यांनी टाकलेल्या वायरींचे तुकडे, सारे काढावे. पन्हळीच्या तोंडाला घुमटाकार जाळी बसवावी, सपाट जाळी एका पानाने बंद होते. वळिवाचे पाणी साठवू नये. तो वर्षभराची धूळ धुतो, तेवढे काम त्याच्याकडून करून घ्यावे.

पुस्तकांत पहिला पाऊस वेगळा काढण्यासाठी उभ्या पाइपचे चित्र असते, ज्यात सुरुवातीचे घाण पाणी साठते. त्याचे गणित एकदा पाहावे. गच्ची धुऊन निघायला किमान एक मिलिमीटर पाऊस वेगळा काढावा लागतो, म्हणजे ९३ चौरस मीटरला ९३ लिटर. चार इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम आठ लिटर मावतात, तेव्हा साडेअकरा मीटर पाइप लागेल. त्यापेक्षा खाली येणाऱ्या पाइपला टी जोडून दोन व्हॉल्व्ह बसवावेत, एक गटाराकडे आणि एक गाळणीकडे. पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटे गटाराकडचा उघडा ठेवावा, पाणी स्वच्छ दिसू लागले की फिरवावे. मोठी उघडीप मिळाली की पुन्हा तसेच करावे. यात माणसाची आठवण लागते, हा दोष खरा आहे. पण व्यवस्था स्वस्त आहे आणि कोणत्याही प्लंबरला समजते.

गाळणीसाठी २०० लिटरचा प्लास्टिकचा पिंप चालतो. तळाशी हातात मावतील असे दगड, त्यावर खडी, त्यावर बारीक खडी, मग नायलॉनची जाळी आणि वर धुतलेली जाड वाळू घालावी. जाळी विसरली तर वाळू पहिल्याच पावसात खडीत उतरते आणि गाळणी उरत नाही. दरवर्षी वाळूचा वरचा चार बोटांचा थर काढून धुवावा.

साठवणीची टाकी शक्यतो जमिनीवर ठेवावी. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, हे ध्यानात न घेता गच्चीच्या मधोमध टाक्या ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. वरच ठेवायची असेल तर खांब आणि तुळई कोठे आहेत ते अभियंत्याला विचारून ठेवावी. झाकण घट्ट हवे आणि ओव्हरफ्लोच्या तोंडालाही बारीक जाळी हवी, नाहीतर पाणी वाचवण्याच्या नादात डेंगीच्या डासांची सोय होते.

सहावी पायरी: बोअरचे पुनर्भरण

हा भाग सर्वात जास्त चुकीचा केला जातो. कोल्हापूरच्या खाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. त्यात पाणी वाळूतल्यासारखे सगळीकडे मुरत नाही. वरच्या मुरमात आणि खालच्या फटींत राहते. म्हणून एका बोअरने पाणी गटागटा घेतले तरी वीस फुटांवरची दुसरी तोंडाशी येऊन थांबू शकते. शेजारच्या सोसायटीला यश आले, एवढ्या आधारावर पैसे घालू नयेत.

आधी चाचणी घ्यावी. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी दोरीला वजन बांधून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. नंतर पाच हजार लिटरचा टँकर मागवून, मिनिटे लिहीत, ते पाणी सावकाश बोअरमध्ये सोडावे. साडेसहा इंची बोअरच्या एका मीटर उंचीत फक्त २१ लिटर मावतात. समजा पाणी चाळीस मीटर खाली असेल तर बोअर तोंडापर्यंत भरायला साडेआठशे लिटरही लागत नाहीत. तेवढ्यातच ती भरून वाहू लागली तर खडक पाणी घेत नाही, असे समजून हा बेत सोडून द्यावा आणि आवारात शोषखड्डा करावा. पाचही हजार लिटर तीन-साडेतीन तासांत निमूट गेले, तर ताशी पंधराशे लिटरची क्षमता मिळाली. आता तुलना करावी: तासाला वीस मिलिमीटरचा पाऊस आमच्या गच्चीवरून ताशी सुमारे ३,७०० लिटर आणतो. म्हणजे निम्म्याहून अधिक पाण्याला दुसरी वाट ठेवावीच लागेल. ही वाट न ठेवलेल्या ठिकाणी पाणी केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपच्या, बाजूने चिखल घेऊन आत शिरते आणि पुढच्या महिन्यात पंप जळतो.

खड्डा बोअरपासून थोडा बाजूला, दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर खोल करावा. त्यात वर सांगितलेल्या क्रमाने दगड, खडी, वाळू भरावी आणि तळाजवळून निघालेला, जाळी गुंडाळलेला पाइप केसिंगला जोडावा. केसिंगलाच भोवती भोके पाडून त्याभोवती खड्डा भरण्याची पद्धतही आहे. पण एकदा गाळ आत गेला तर तो काढता येत नाही, म्हणून मी बाजूच्या खड्ड्याच्या बाजूने आहे. खड्ड्याच्या वरच्या अंगाला ओव्हरफ्लोचा पाइप द्यावा आणि तो शोषखड्ड्याकडे किंवा बागेकडे न्यावा.

या खड्ड्यात फक्त गच्चीचे पाणी घ्यावे. पार्किंगमध्ये सांडलेले तेल, रस्त्याचा चिखल, धुण्याचे पाणी यांपैकी काहीही चालणार नाही. सेप्टिक टाकीपासून किमान पंधरा मीटर अंतर ठेवावे. जागाच नसेल तर बोअर पुनर्भरणाचा विचार सोडावा. जमिनीवरून आलेले घाण पाणी मुरमातून गाळून खाली जाते, पण बोअरमधून ते न गाळता थेट सर्वांच्या पाण्यात उतरते. पुनर्भरण सुरू झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात आणि त्यानंतर वर्षातून एकदा बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

नदीकाठच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात, जेथे पावसाळ्यात भूजल आधीच वर आलेले असते, तेथे हा खटाटोप करू नये. तो खरा उपयोगी आहे पाचगाव-मोरेवाडीकडच्या उंचावरच्या भागात, जेथे मार्चनंतर बोअर हवा फेकू लागतात.

आवार, परडे आणि सांडपाणी

सोसायट्यांना पेव्हर ब्लॉक घालायची हौस असते. घालावेत, पण खाली सिमेंटचा थर न देता बारीक खडीवर बसवावेत आणि कुंपणालगत हातभर रुंदीची मातीची पट्टी मोकळी सोडावी. जुन्या पेठांतील घरांना अजून परडे असते. तेथे मोरीचे व धुण्याचे पाणी कर्दळ आणि केळीच्या वाफ्यात सोडण्याची आजीच्या काळची पद्धत आजही निर्दोष आहे, फक्त वाफा आठवड्यातून दोन दिवस कोरडा पडू द्यावा. संडासाचे पाणी त्यात येता कामा नये.

सातवी पायरी: पुराच्या आठवड्याची तयारी

पिणे, स्वयंपाक आणि अत्यावश्यक स्वच्छता यांसाठी माणशी रोज वीस लिटर धरावेत. चौघांचे सात दिवसांचे ५६० लिटर होतात. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांना पोहोचल्याची बातमी आली की सर्व टाक्या भरून घ्याव्यात. ४३ फुटांची वाट पाहिली तर तोवर दाब कमी झालेला असतो. जमिनीखालच्या हौदावर या काळात भरवसा ठेवू नये. आवारात पाणी शिरले की हौद दूषित झाला असेच समजावे आणि पूर ओसरल्यावर तो उपसून, घासून, औषध टाकून मगच वापरावा. सखल भागातील इमारतींनी हौदाच्या पंपाचा स्टार्टर पहिल्या मजल्यावर हलवून घ्यावा. हे काम उन्हाळ्यात इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात करतो, पुरात तो भेटतच नाही.

गच्चीवरून साठवलेले पाणी वापराला तसेच चालते. पिण्यासाठी घ्यायची वेळ आली तर ते गढूळ असल्यास आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे, नितळ पाणी वेगळे काढावे आणि हजार लिटरला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर साधारण अडीच ग्रॅम या प्रमाणात घालावी. पावडर थेट टाकीत न टाकता बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरचे पाणीच टाकीत ओतावे आणि तासभर थांबावे. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर हे पाणी उकळूनही घ्यावे. उघड्या पाकिटातली, गेल्या वर्षीची पावडर निकामी झालेली असते.

पैसे, वही आणि व्हॉल्व्हची जबाबदारी

या सर्व कामांचा क्रम पैशाच्या दृष्टीने गळती, मग टाकीचे स्वयंचलित यंत्र, मग गच्चीचे व्हॉल्व्ह आणि गाळणी, आणि शेवटी बोअरचा खड्डा असा ठेवावा. पहिली दोन कामे मासिक देखभाल निधीतून होतात; त्यांचा परिणाम टँकरच्या बिलात दिसला की पुढच्या कामांना वर्गणी देताना लोक कुरकुरत नाहीत. आमच्याकडे खड्ड्याचे पैसे भिशीसारखे दरमहा थोडे-थोडे जमा केले, म्हणजे कोणाला एकदम ओझे झाले नाही.

अडचण नंतर येते. पाऊस दुपारी तीन वाजता सुरू होतो, माणसे कामावर असतात आणि व्हॉल्व्ह फिरवायला कोणी नसते. म्हणून इमारतीत दुपारी घरी असणारी दोन माणसे ठरवून त्यांची नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत. आमच्याकडे ही दोन्ही नावे निवृत्त आजोबांची आहेत आणि पाऊस आला की दोघांत जिन्यावर शर्यत लागते. वहीत तीन रकाने पुरतात: रोजचा वापर, महिन्याच्या एक तारखेला दोरीने मोजलेली बोअरची पातळी, आणि टँकरची संख्या. पहिल्या वर्षी बोअरच्या रकान्यात फारसा फरक दिसत नाही. दुसऱ्या वर्षीच्या एक मेचा आकडा पहिल्या वर्षीच्या एक मेशी ताडून पाहावा आणि तो वर आला नसेल, तर खड्ड्यातली वाळू काढून धुतल्याशिवाय जूनचे पाणी त्यात सोडू नये.